वाचकांचे प्रश्न : पेटी, मोबाईल आणि धर्मशाळेवाला

प्रश्न : बाई, प्रभूमध्ये सलाम. आमच्या मंडळीत तरुण संघाने कीबोर्ड, गिटार आणि ड्रमसेट आणला आहे. दर रविवारी हिंदी-इंग्रजी गाणी चालतात, शब्द प्रोजेक्टरने भिंतीवर. कवी ना. वा. टिळकांची भजने आता फक्त प्रभुभोजनाच्या रविवारी. पेटी कपाटामागे धूळ खाते आहे. हे परदेशी वारे थांबवावे, असा ठराव कमिटीपुढे ठेवणार आहे. आपले मत कळवावे.
— एक ज्येष्ठ सभासद, खानापूर

उत्तर : ठराव जरूर मांडा, पण त्यातला ‘परदेशी’ हा शब्द तेवढा खोडा. नाहीतर संघातले एखादे हुशार पोर उठून पेटीचे गाव विचारेल आणि तुमची पंचाईत होईल.

पेटी फ्रान्सची. १८४०च्या दशकात पॅरिसात जन्मली, साहेबांच्या आणि मिशनऱ्यांच्या सामानातून इकडे आली. तेव्हा ती खुर्चीवर बसून, पायाने भाता मारत वाजवायची. कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांनी हाताच्या भात्याची केली आणि ती आपल्यासारखी मांडी घालून बसली. तरी १९४० साली आकाशवाणीने तिला दाराबाहेर काढलेच. तिच्यात मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे) नाही, श्रुती (दोन सुरांमधले बारीक सूर) नाहीत, वाद्य आपले नाही, ही कारणे. ही बंदी सैल व्हायला १९७१ उजाडले. आणि आपल्या जिल्ह्यातल्या कागवाडला जन्मलेल्या पं. रामभाऊ विजापुऱ्यांनी बेळगावात बसून उभा जन्म याच वाद्याला दिला. २०१० साली ते गेले, तेव्हा पेटीला परकी म्हणायची कुणाची छाती नव्हती.

टिळकांचेही तेच. ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ सालचा. त्यांच्या आधी मंडळीत पुष्कळशी गीते इंग्रजीवरून केलेली असत, चालही इंग्रजी, आणि त्या चालीत मराठी शब्द कोंबून बसवलेले. नगरच्या कृष्णरत्न सांगळ्यांनी ख्रिस्ती कीर्तन उभे केले आणि टिळकांनी अभंग-ओवीला उपासनेत जागा दिली. आज तुम्ही जे जुने म्हणून जपता, ते एके काळी नवेच होते.

मग माझी तक्रार नाही का? आहे की! नव्या गाण्यांत ‘मी, मला, माझ्या’ फार, आणि तीन ओळी चौदा वेळा. पण खरा घोळ पट्टीचा आहे. कीबोर्डवर एक बटण दाबले की सूर वर-खाली सरकतो. पोरे तो गाणाऱ्याच्या गळ्याला लावून घेतात आणि तिसऱ्या बाकावरच्या आजींचे तोंड मिटते. पुढच्या रविवारी पुढे बघू नका, मागे वळून तोंडे बघा. किती हलतात ते मोजा. ठरावात तो आकडा घाला.

प्रोजेक्टरला मात्र नावे ठेवू नका. का ते सांगते. आमच्या गायकवृंदात कन्नड शाळेत शिकणारी एक मुलगी आहे. उपासनेआधी बाकावर बसून वहीत काहीतरी उतरवून घेत होती. ‘उपासना संगीत’ हे भजनांचे पुस्तक मांडीवर उघडे, शेजारी आजी. मी विचारले, “काय लिहायलीस ग?” म्हणाली, “भजन कन्नडात लिहून घ्यायलोय, बाई. मराठी बोलतो मी, वाचायला जमत नाही.” आजी एकेक शब्द सांगत होती आणि पोर प्रत्येक ‘ए’पाशी थबकत होती, कारण कन्नडात ऱ्हस्व आणि दीर्घ असे दोन ‘ए’. ‘देवा’चा कुठला, ‘तेथे’चा कुठला? पण गायला उभी राहिली तेव्हा ‘चरण’मधला च आणि ‘चांदणे’मधला च तिने बरोबर वेगवेगळे म्हटले. हा फरक मराठी लिपीतही लिहिलेला नसतो. तो तिच्या कानात आजीकडून आलेला.

तर भिंतीवर टिळकांची दोन भजने दर रविवारी, वर देवनागरीत, खाली कन्नड अक्षरांत. पट्टी दोन सूर खाली. पेटी कपाटामागून काढा, भाता उंदरांनी कुरतडलाय का बघा, सूर लावून आणा आणि ती कीबोर्डशेजारी ठेवा. ड्रमबद्दल माझे काही म्हणणे नाही, स्तोत्र १५०मध्ये झणझणणाऱ्या झांजाही आहेत. फक्त तो तुमच्या कानापासून लांब ठेवायला सांगा. वयाचा तेवढा मान राखतील.

प्रश्न : माझा चोवीस वर्षांचा मुलगा लॉकडाऊनपासून घरी मोबाईलवरच उपासना बघतो. म्हणतो, मुंबईचे ते उपदेशक आपल्या पाळकसाहेबांपेक्षा छान बोलतात. दानही क्यूआर कोडवर तिकडेच पाठवतो. हे पाप आहे का?
— एक आई, शहापूर, बेळगाव

उत्तर : पाप हा शब्द मी इतक्या स्वस्तात वापरत नाही, ताई. आणि संदेश कंटाळवाणा होतो, हे मुलाचे म्हणणे खोटे नाही. मी चाळीस वर्षे ऐकते आहे.

पण आपण चर्चला ‘मंडळी’ म्हणतो, हे त्याच्या लक्षात आणून द्या. गुर्लहोसूरच्या अण्णासाहेब किर्लोस्करांची नाटक मंडळी होती. जुन्या घरांत बायकोलाही ‘आमची मंडळी’ म्हणत. यांतली एकही मंडळी कानात बोंडे घालून एकट्याने होत नाही. २०२१च्या मे महिन्यात आमच्या एका सभासदांचे कोविडने निधन झाले. घरचे सगळे पॉझिटिव्ह. खड्डा खणायला माणूस मिळेना. मंडळीतली चार पोरे फावडी घेऊन गेली, त्यांतला एक तर एरवी संदेशाच्या वेळी बाहेर उभा राहून गप्पा मारणारा. अंगावर ते प्लॅस्टिकचे कपडे, उन्हाने आतून ओलेचिंब, आणि पाळकसाहेब तोंडावर दोन मास्क लावून प्रार्थना करत होते. शब्द नीट कळले नाहीत. त्या दिवशी कुणी तक्रार केली नाही.

तुमच्या घरात कुणी अंथरुणाला खिळलेले असेल, तर त्यांना मोबाईल जरूर लावून द्या, ती सोय मोठी आहे. चोवीस वर्षांच्या हातापायांना तिची गरज नाही. त्याच्याशी वाद घालू नका. रविवारची उपासना आजाऱ्यांसाठी रेकॉर्ड करायचे काम त्यालाच द्या, यावे लागेल.

क्यूआर कोडचे एकच विचारा : त्या उपदेशकांच्या हिशेबाचा कागद कुठे बघायला मिळतो? आमच्या वार्षिक सभेत वीस प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवरून दोन तास भांडण झाले होते. तेव्हा लाज वाटली. आता वाटते, भांडायला हिशेब समोर होता हे काय कमी?

प्रश्न : हिंदी सिनेमात फादर म्हटला की दारुडा नाहीतर भोळसट, आणि ख्रिस्ती बाई म्हटली की फ्रॉक. मुलांना सिनेमा बंदच करावा काय?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : बंद करू नका. दादासाहेब फाळक्यांना सिनेमा काढावासा वाटला तो मुंबईत येशूच्या जीवनावरचा मूकपट बघून. दुसऱ्या खेपेला पत्नीला घेऊन गेले. पडद्यावर ख्रिस्त सरकत होता आणि आपल्याला कृष्ण, राम दिसत होते, असे त्यांनीच लिहून ठेवले आहे. १९१३चा ‘राजा हरिश्चंद्र’ त्यातून आला. तेव्हा त्या घरावर आपलाही थोडा हक्क आहे, भांडायचे ते आत बसून भांडा.

राग मलाही येतो. पण माझी एक गोष्ट सांगते, मग काय ते ठरवा.

बऱ्याच वर्षांपूर्वी नाताळचे नाटुकले मी बसवले होते. मरीयेसाठी शेजारच्या कन्नड अव्वांनी आपली इरकल साडी दिली, लग्नातली. मरीयेला जागा नाकारणाऱ्या धर्मशाळेवाल्याचे काम एका वात्रट पोराकडे होते. लोक हसावेत म्हणून मी त्याला मोडके मराठी दिले, कन्नड हेल काढून : “जागा इल्ला, इल्ला! पुडे जावा!” हॉल हसून कोसळला. अव्वा दुसऱ्या रांगेत होत्या. त्याही हसल्या, निदान मला तसे वाटले.

दुसऱ्या दिवशी साडी इस्त्री करून द्यायला गेले. त्यांनी चहा दिला. घडी उलगडून काठ बघितला, पुन्हा घातली आणि म्हणाल्या, “बाई, तुमच्या पुस्तकात तो धर्मशाळेवाला कन्नड बोलतो काय हो?”

घरी येऊन बायबलातला लूकचा दुसरा अध्याय काढला. उतारशाळेत त्यांना जागा नव्हती, एवढेच आहे. धर्मशाळेवाला नाहीच. त्याचे एक वाक्यही नाही. तो माणूस आपण रचलेला, आणि मी त्याला आवाज दिला होता तो शेजारणीचा.

सिनेमावाल्यांना पत्र लिहिणार असाल तर खुशाल लिहा, सहीला मी आहे. यंदाचे नाटुकले बसवताना मात्र तुमच्या धर्मशाळेवाल्याचे संवाद आधी मला पाठवा.