वाचकांचे प्रश्न: अपडेट लागतं, रीस्टार्ट अडतो

प्रश्न: आमच्या पतसंस्थेत विंडोज सर्व्हर 2019 आहे. बावीस कर्मचारी रिमोट डेस्कटॉपने, म्हणजे आपापल्या संगणकावर सर्व्हरची स्क्रीन उघडून, त्यावर काम करतात. ग्रुप पॉलिसीत (विंडोजचे नियम ठरवायची जागा) अपडेटची वेळ रविवारी पहाटे 3 लावली आहे, तरी तीन महिने रीस्टार्ट झालेला नाही. कामाच्या वेळात रीस्टार्ट नको, असं कर्मचाऱ्यांचं म्हणणं. दोन्ही कसं साधावं?

उत्तर: शनिवारी रात्री टास्क मॅनेजरचा 'यूजर्स' टॅब उघडून पाहा. बहुधा पाच-सात नावांपुढे 'डिस्कनेक्टेड' दिसेल. संध्याकाळी साइन आउट न करता खिडकीची फुली दाबून निघून जायची सवय सगळीकडे असते. माणूस घरी, पण सर्व्हरच्या लेखी तो लॉगइनच. 'नो ऑटो-रीस्टार्ट विथ लॉग्ड ऑन यूजर्स' (कोणी लॉगइन असताना आपोआप रीस्टार्ट नको) ही पॉलिसी तुमच्याकडे चालू असणार, म्हणून रीस्टार्ट थांबून राहतो.

ती बंद करू नका, कर्मचाऱ्यांना हवं ते संरक्षण तीच देते. अशी उघडी राहिलेली लॉगइन, म्हणजे सत्रं, मिटवा. ग्रुप पॉलिसीत कॉम्प्युटर कॉन्फिगरेशन, अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स, विंडोज कंपोनंट्स, रिमोट डेस्कटॉप सर्व्हिसेस, रिमोट डेस्कटॉप सेशन होस्ट, सेशन टाइम लिमिट्स असं आत जा. तिथे डिस्कनेक्टेड सत्रांची मर्यादा 3 तास ठेवा. साडेसहाला फुली दाबली, तर साडेनऊला सत्र संपतं. अर्धवट भरलेलं व्हाउचर मात्र त्यासोबत जातं, तेव्हा आठवडाभर आधी सूचनाफलकावर लावा.

एक फट तरी उरते. ही मर्यादा सर्व्हरच्या स्वतःच्या स्क्रीनवरच्या लॉगइनला लागू होत नाही. अ‍ॅडमिननेच तिथे लॉगइन करून स्क्रीन लॉक केली असेल, तर सगळी खटपट फुकट. हा दोष कर्मचाऱ्यांच्या माथी मारण्याआधी आपली खुर्ची तपासावी.

अ‍ॅक्टिव्ह अवर्स, म्हणजे आपोआप रीस्टार्ट टाळायचे कामाचे तास, लावायचा मोह होईल. वर सांगितलेली पॉलिसी किंवा ठरल्या वेळी सक्तीने रीस्टार्ट करणारी 'ऑलवेज ऑटोमॅटिकली रीस्टार्ट' चालू असेल, तर अ‍ॅक्टिव्ह अवर्सची पॉलिसी चालतच नाही. आणि पहिली चालू असेपर्यंत सक्तीच्या रीस्टार्टचीही मात्रा चालत नाही. तिन्ही एकदम लावून 'का होत नाही' म्हणणारे पुष्कळ.

प्रश्न: रविवार कोणता निवडावा?

उत्तर: महिन्याचा तिसरा. मायक्रोसॉफ्टचे मासिक अपडेट दुसऱ्या मंगळवारी येतात. तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेदहा, अमेरिकेतल्या हिवाळ्यात साडेअकरा. मंगळवार 8 ते 14 तारखेत पडतो आणि तिसरा रविवार 15 ते 21 मध्ये, म्हणजे मधे किमान चार दिवस मिळतात. तेवढ्यात एखाद्या साध्या संगणकावर अपडेट आधी लावून पाहा. प्रिंटर आणि लेखा सॉफ्टवेअर चालतं का, एवढं बघितलं तरी पुरे. 31 मार्चची धांदलही या तारखांपासून लांब राहते.

बॅकअप पहाटे 2 ला सुरू होऊन 4 ला संपत असेल, तर अपडेटची वेळ 5 करा. रविवारी वीज गेली आणि यूपीएस उतरला, तर सोमवारी बटण दाबल्यावर चुकलेलं अपडेट ऐन कामात सुरू होऊ शकतं. वीज परतताच सर्व्हर आपोआप चालू व्हावा, ही सोय बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) असते, ती लावून टाका.