हॅरोइंग म्हणजे मनावरून वखर फिरणं

प्रश्न: माझ्या बारावीतल्या मुलीनं इंग्रजीच्या निबंधात ‘मॅथ्सचा पेपर हॅरोइंग होता’ असं लिहिलं तर सरांनी तो शब्द खोडून ‘ग्रुएलिंग’ लिहिलं. डिक्शनरीत दोन्हीचा अर्थ अत्यंत त्रासदायक असाच दिसतो, मग चूक कुठं झाली?
– एक आई, मानेवाडा, नागपूर

उत्तर: ताई, सरांचं बरोबर आहे, पण खोडताना दोन मिनिटं समजावलं असतं तर पोरीच्या जन्मभर लक्षात राहिलं असतं, कारण हा शब्द शेतातला आहे. हॅरो म्हणजे नांगरटीनंतर ढेकळं फोडायला ओढतात ते लोखंडी दातांचं औजार. आपल्याकडे ते काम वखर करतो, त्याला दातांऐवजी आडवी पास असते. उन्हाळ्यात काळ्या रानात वखर चालताना पाहिला असेल तर आठवा, वरचा कडक थर फाटतो, ढेकूळ फुटतं आणि आतली माती उघडी पडते. मनावरून असं काही फिरून गेलं की ते हॅरोइंग, आपण काळीज पिळवटून टाकणारं म्हणतो ना, तेच.

ग्रुएलिंग म्हणजे दमवणारं, पिट्टा पाडणारं. ग्रुएल म्हणजे पातळ पेज, आणि जुन्या इंग्रजीत ‘आपली पेज मिळणं’ म्हणजे चांगली शिक्षा मिळणं, त्यावरून हा शब्द आला. मे महिन्यात ४५ डिग्रीत भर दुपारी दोन्ही हातांत पिशव्या घेऊन बर्डीच्या बाजारात फिरणं ग्रुएलिंग, घरी येऊन पन्हं प्यालं, कूलरसमोर झोपलं की उतरतं. तीन तासांचा पेपरही तसाच.

हॅरोइंग झोपेनं उतरत नाही. २३ नोव्हेंबर १९९४ ला आपल्याच शहरात विधिमंडळाच्या अधिवेशनावर आलेल्या गोवारी समाजाच्या मोर्चात चेंगराचेंगरी झाली, ११४ जीव गेले, त्यात बायका होत्या, लेकरं होती. त्यातून वाचलेल्या माणसाची हकीकत हॅरोइंग. तोच शब्द गणिताच्या पेपरला लावला की खटकतो, आणि खटकायलाच पाहिजे असं मला वाटतं.

आणि हो, हॅरोइंग अनुभव असतो, हकीकत असते, दृश्य असतं, सोसणाऱ्या माणसाला हॅरोइंग म्हणत नाहीत. घरातली बिकट परिस्थिती, टोकाची गरिबी सांगायची असेल तर ‘डायर’ जास्त चपखल बसतो. उच्चारताना जोर पहिल्या ‘हॅ’वर द्यायचा, तेवढं पोरीला सांगा.