बायोप्सीत ‘पडदा शाबूत’ म्हणजे काय? कॅन्सरची पेशी ऊती फोडून कशी घुसते, आणि स्टेम सेलही तेच करतात का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आईच्या गालाच्या आतल्या चट्ट्याची बायोप्सी झाली, रिपोर्टमध्ये ‘कार्सिनोमा इन सिटू’ (म्हणजे अजून जागच्या जागीच असलेला कॅन्सर) आलं आणि डॉक्टर म्हणाले, “नशीब, पडदा अजून फुटलेला नाही.” तर हा पडदा फोडतं कोण? ऊती विरघळवणारी कॅन्सरपेशींची एन्झाइम स्टेम सेलमध्येही (ज्यांच्यापासून इतर पेशी बनतात त्या मूळ पेशींमध्ये) असतात असं वाचलं, ते खरं का? आणि शेजारच्या काकू म्हणतात म्हणून आईची पपई बंद करायची का?

मी डॉक्टर नाही. सात वर्षं लॅबमध्ये याच एन्झाइमांच्या मागे घालवली, तेवढ्या बळावर लिहिते. उपचारांचं तुमच्या डॉक्टरांनाच विचारा.

आधी पडदा. गालाच्या आतलं अस्तर म्हणजे एकावर एक बसलेल्या पेशींचे थर. सगळ्यात खालचा थर ज्या चटईवर टेकलेला असतो ती बेसमेंट मेंब्रेन. चौथ्या प्रकारचं कोलॅजन आणि लॅमिनिन या प्रथिनांची ही घट्ट विणलेली जाळी, जाडी साधारण केसाच्या हजाराव्या भागाइतकी. रक्तवाहिन्या आणि लसीकावाहिन्या या जाळीच्या पलीकडे. त्यामुळे अस्तरातली पेशी कितीही बिथरली तरी जाळीच्या अलीकडे आहे तोवर तिला मानेतल्या लसीकाग्रंथींपर्यंत पोचायला रस्ताच नाही. डॉक्टरांचं ‘नशीब’ ते हेच.

जाळी कापणाऱ्या कात्र्या बऱ्याच आहेत, पण मुख्य घराणं मॅट्रिक्स मेटॅलोप्रोटिनेजचं, म्हणजे एमएमपी. माणसात ती २३ आहेत आणि प्रत्येकीच्या पात्यात जस्ताचा एक अणू बसलेला असतो. यांचा शोध कॅन्सरमधून लागलाच नाही, बेडूकमाशाच्या शेपटीतून लागला. बेडूकमाशाचा बेडूक होताना शेपूट गळून पडत नाही, जागच्या जागी जिरते. १९६२ साली अमेरिकेत जेरोम ग्रॉस आणि चार्ल्स लापिएर यांनी शेपटीचे तुकडे कोलॅजनच्या थरावर ठेवून पाहिले, तर तुकड्यांभोवतीचं कोलॅजन विरघळलं. कोलॅजन म्हणजे तीन पदरी पिळाचा दोर, साध्या पाचक एन्झाइमांना दाद न देणारा. ही कात्री तो एकाच ठरावीक जागी कापते, पाऊण आणि पाव असे दोन तुकडे करते, आणि मग शरीराच्या उबेत दोराचा पीळच सुटतो.

आता अशी हत्यारं शरीरात उघडी ठेवून कसं चालेल? म्हणून पेशी ती म्यानासकट बनवते. एन्झाइमच्या सुरुवातीच्या टोकाचा एक तुकडा जस्ताला चिकटून पातं झाकून ठेवतो. तो कापला गेला की कात्री चालू. वर पहारेकरी म्हणून टिम्प नावाची चार प्रथिनं, जी चालू कात्रीच्या तोंडात बोळा बसवतात. कात्री सगळ्यांकडे असते. बघायचं ते म्यान कोण काढतं आणि बोळा कोण घालतं.

हे डोळ्यांनी दिसतं. झायमोग्राफी म्हणून एक साधी, स्वस्त पद्धत आहे. जेलमध्ये आधीच जिलेटिन मिसळायचं, पेशी ज्यात वाढवल्या तो द्रव त्यातून चालवायचा, डिटर्जंट धुऊन काढायचं आणि जेल रात्रभर ३७ अंशांवर ठेवायची. सकाळी निळ्या रंगात बुडवली की सगळी जेल निळीशार होते, फक्त एन्झाइमनं जिलेटिन खाल्लंय तिथे पारदर्शक पट्टे उमटतात. एमएमपी-९ चा पट्टा वर, एमएमपी-२ चा खाली. एकदा माझी अख्खी जेल कोरी निळी आली. दोन दिवस मी पेशींना दोष देत बसले. शेवटी कळलं की बफर बनवताना कॅल्शियमच्या बाटलीऐवजी शेजारची ईडीटीएची बाटली उचलली होती. ईडीटीए धातूचे अणू ओढून घेतं. धातू गेला, कात्री गेली. पुस्तकात दहा वेळा वाचलेलं त्या दिवशी डोक्यात बसलं.

एमएमपी-२ आणि ९ बेसमेंट मेंब्रेनचं कोलॅजन कापतात, म्हणून बरीच वर्षं खलनायक म्हणून त्यांचंच नाव पुढे होतं. पण त्या पेशीबाहेर सोडल्या जातात, पाण्यात रंग सोडावा तशा पसरतात. पेशीला हवं असतं नेमक्या जागी भोक. ते काम करते पेशीच्या अंगालाच जडलेली एमएमपी-१४, जी १९९४ साली जपानमध्ये सापडली. कॅन्सरची पेशी खालच्या बाजूने बारीक सोंडा काढते आणि सोंडेच्या टोकाशी ही कात्री नेऊन ठेवते. चमकणाऱ्या जिलेटिनच्या थरावर अशी पेशी सोडली की काही तासांत तिच्या पोटाखाली काळे ठिपके दिसू लागतात, उधईने लाकूड पोखरावं तसे.

जाळी ओलांडल्यावर पुढे कोलॅजनच्या धाग्यांचं रान लागतं. तिथे पेशीला खरं अडवतं ते तिचं स्वतःचं केंद्रक. बाकी पेशी पिठाच्या गोळ्यासारखी कुठूनही पिळून निघते, केंद्रक तेवढं निबर असतं. भोक साधारण सात चौरस मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लहान असेल आणि कात्री बंद असेल तर कॅन्सरच्या गाठीतल्या पेशी तिथेच अडकतात, असं प्रयोगांत दिसलंय. भोक मोठं असेल तर कात्रीवाचूनही चालतं: २००३ मध्ये दिसलं की एन्झाइम रोखली तर काही कॅन्सरपेशी आकार बदलून अमीबासारख्या फटींतून सरपटत निघतात.

स्टेम सेलबद्दल तुम्ही वाचलंत ते खरं आहे. अस्थिमज्जेतल्या मेसेन्कायमल स्टेम सेल (हाड, कूर्चा, चरबी बनवू शकणाऱ्या) जखमेकडे जाताना याच कात्र्या वापरतात. २००७ च्या एका अभ्यासात मानवी पेशींमधलं एमएमपी-२, एमएमपी-१४ किंवा टिम्प-२ यांपैकी काहीही कमी केलं की त्यांची घुसण्याची ताकद घटली. टिम्प-२ तर पहारेकरी, मग तो कमी झाल्यावर पेशी जास्त उधळायला हवी, नाही का? गंमत अशी की एमएमपी-२ चं म्यान काढायला टिम्प-२ च लागतं. ते एका हाताने एमएमपी-१४ ला धरतं, दुसऱ्या हाताने म्यानातल्या एमएमपी-२ ला, आणि शेजारची मोकळी एमएमपी-१४ म्यान कापते. थोडं टिम्प-२ असेल तर काम होतं. फार झालं तर सगळ्याच एमएमपी-१४ ना बोळे बसतात आणि कापायला कोणी उरत नाही. म्हणजे भाजीतल्या मिठासारखं.

रक्ताच्या स्टेम सेलचं तर तुमच्या ओळखीतही कोणी पाहिलं असेल. दात्याला चार-पाच दिवस जी-सीएसएफची (पांढऱ्या पेशी वाढवणाऱ्या प्रथिनाची) इंजेक्शनं देतात, पांढऱ्या पेशींमधून एन्झाइम सुटतात आणि मज्जेत स्टेम सेलना धरून ठेवणारे दोर कापले जातात (हे त्यामागचं एक कारण, एकमेव नव्हे). पेशी रक्तात उतरतात, मशीन त्या वेचून घेतं.

मग फरक कुठे? थांबण्यात. जखमेतून निघणारे संदेश असेपर्यंत स्टेम सेल चालते, संदेश विरले की कात्री म्यानात जाते. गर्भाची वारही पहिल्या महिन्यांत आईच्या गर्भाशयात अशीच घुसते, एमएमपी-२ आणि ९ घेऊनच, आणि ठरावीक खोलीवर थांबते. कॅन्सरपेशीला थांबायचा निरोप पोचत नाही. वर ती शेजारच्या भल्या पेशींनाही कामाला लावते. गाठीतली बरीचशी एन्झाइम तिची स्वतःची नसतातच. तेव्हा स्टेम सेल कॅन्सर पसरवतात असं म्हणणं म्हणजे चोराकडेही सुरी होती म्हणून भाजीवाल्याला पकडणं. (मात्र ‘कॅन्सरवर स्टेम सेल थेरपी’ अशी जाहिरात दिसली तर लांब राहा. रक्ताच्या विकारांसाठीचं प्रत्यारोपण सोडलं तर बाकी बहुतेक वापर आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार फक्त मान्यताप्राप्त चाचण्यांमध्येच करता येतात.)

“मग कात्रीच मोडा ना!” असं वाटतं. १९९० च्या दशकात हेच केलं. मॅरिमास्टॅटसारखी औषधं सगळ्या एमएमपींच्या जस्ताला एकदम पकडायची. रुग्णांचे सांधे आणि स्नायू इतके दुखायला लागले की डोस कमी करावा लागला, आणि मोठ्या चाचण्यांत बहुतेक ठिकाणी आयुष्य वाढलं नाही. माझ्या मते दोन चुका झाल्या. पसरून चुकलेल्या कॅन्सरवर औषध दिलं, म्हणजे घोडे पळाल्यावर तबेल्याला कडी. आणि काही कात्र्या आपल्या बाजूच्या असतात हे तेव्हा ठाऊक नव्हतं. एमएमपी-८ नसलेल्या नर उंदरांना नंतर त्वचेच्या गाठी जास्त झाल्या.

कात्री कमी पडली तरी बरं नसतं, याचं उदाहरण आपल्याकडे गल्लोगल्ली आहे. सुपारी-गुटखा खाऊन तोंड उघडेनासं होतं, दोन बोटंही आत जात नाहीत, तो सबम्युकस फायब्रोसिस. त्यात कोलॅजन जास्त बनतं, सुपारीतल्या तांब्यामुळे ते अधिक घट्ट बांधलं जातं, टिम्प वाढतं आणि कापणारी एन्झाइम घटतात. तरी अशा तोंडात कॅन्सरचा धोका वाढलेलाच असतो. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. टपरीवर काय मिळतं ते तुम्ही जाणता. आईंना सुपारीची सवय असेल तर ती आजच सुटायला हवी, माझ्या उत्तरातलं बाकी काही विसरलात तरी चालेल.

राहिली पपई. काकूंचा धागा कुठून आला ते कळतं: मटण शिजायला कच्च्या पपईचा कीस लावतात, तो मांस मऊ करतो, मग तोंडातला पडदाही विरघळवेल. पण पपईतलं पापेन हे वेगळ्याच घराण्याचं एन्झाइम, त्याच्या पात्यात जस्त नसतं. पिकलेल्या फळात ते अगदी थोडं उरतं, आणि पोटात गेल्यावर बाकी प्रथिनांसारखं पचून जातं. डॉक्टरांनी वेगळं पथ्य सांगितलं नसेल आणि तोंडाला झोंबत नसेल तर पिकलेली पपई आईंना खुशाल द्या.