शेरू परत हवाय? आधी दावा, मग मध्यस्थी

नोकरीसाठी मस्कतला जाताना मैत्रिणीकडे सांभाळायला ठेवलेला कुत्रा ती आता परत देत नाही. कोर्टकचेरी नको, मध्यस्थी केंद्रात बसून बोलू, सहा महिने लागले तरी चालतील, असं पुण्याच्या एका ताईंनी लिहिलंय. अशी पत्रं माझ्याकडे वरचेवर येतात.

ताई, सहा महिने तुमच्या हातात नाहीत. ‘शेरू आता माझा आहे, मागू नकोस’ हा मैत्रिणीचा मेसेज तुम्हीच जोडलाय. त्याला दोन वर्षं दहा महिने झाले. कायद्याच्या लेखी कुत्रा ही जंगम मालमत्ता (हे मलाही पटत नाही, पण आहे). विश्वासानं ठेवायला दिलेली जंगम मालमत्ता परत मिळवायला मुदत कायदा, १९६३चा अनुच्छेद ७० लागतो: मागितल्यावर नकार मिळाला त्या तारखेपासून तीन वर्षं. ती उलटली की नुसता दावा बाद होत नाही, कलम २७ प्रमाणे शेरूवरचा तुमचा हक्कच संपतो. आपसातल्या बोलण्यांमुळे ही मुदत थांबेल असं समजू नका. इतके महिने गप्प का बसलात, मला खरंच कळत नाही.

तेव्हा याच महिन्यात दिवाणी दावा लावा. मागणी पैशांची नको, शेरूचीच करा. दावा दाखल झाला की दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८९ खाली मध्यस्थीसाठी अर्ज द्या. निकालापर्यंत थांबायचं तर वर्षं जातील, आणि शेरू आत्ताच सात वर्षांचा आहे.

मध्यस्थीत खूप काही जमू शकतं. न्यायाधीश शेरू कुणाचा एवढंच ठरवतील. तिनं त्याला भेटायला कधी यावं, तुम्ही पुन्हा परदेशी गेलात तर तो कुठे राहील, हे तिथेच ठरेल. खाण्यापिण्याचा, डॉक्टरचा खर्च स्वतःहून देऊ करा. फुकट सांभाळणाऱ्याला आवश्यक खर्च द्यावाच लागतो, करार कायद्याचं कलम १५८ तसं सांगतं. तडजोड झाली तर ती कोर्टापुढे नोंदवून हुकूमनामा घ्या, साध्या कागदावर सह्या करून उठू नका.

मैत्रीण ‘बक्षीस दिला होता’ म्हणेल का, ते कितपत टिकेल, हे कागद पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही. देताना दोन ओळी लिहून घेतल्या असत्या तर हा प्रश्नच आला नसता. लसीकरणाची वही आणि महापालिकेचा परवाना शोधा. आणि तो मेसेज ज्या फोनमध्ये आहे, तो फोन विकू नका.