हार्ड डिस्क टिकटिकतेय, दुकानदार म्हणतो फॉरमॅट मारा. फोटो कसे वाचवू?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सात वर्षांचा डेस्कटॉप, विंडोज १०, १ टीबीची हार्ड डिस्क. सुरू व्हायला दहा मिनिटं लागतात, फोटोंचा फोल्डर उघडला की सगळं गोठतं, दोनदा निळा स्क्रीन आला आणि कॅबिनेटमधून अधूनमधून टिक-टिक ऐकू येते. डिस्कवर २००९ पासूनचे फोटो आणि वडिलांनी श्री-लिपीत टाइप केलेले लेख आहेत. दुकानदार म्हणतो, ‘सी फॉरमॅट मारू, डेटा डीमध्ये आहे, त्याला काही होत नाही.’

फॉरमॅट मारू देऊ नका. आज मशीन बंद करा आणि पुढचं वाचून होईपर्यंत सुरू करू नका.

सी आणि डी या दोन डिस्क नाहीत. एकाच हार्ड डिस्कवर आखलेले ते दोन भाग आहेत. विंडोज बिघडली असेल तर सी पुसून डी वाचतो हे खरं, आणि आपल्याकडे ‘महत्त्वाचं डीमध्ये ठेवा’ ही सवय त्यातूनच पडली. पण इथे लक्षणं डिस्कच्या यंत्राची आहेत. तबकड्या त्याच, त्यांवर फिरणारी वाचक-डोकी तीच, मोटर तीच. ती थांबली की सी आणि डी एकाच क्षणी जातात. शिवाय नवी विंडोज टाकणं म्हणजे मरणपंथाला लागलेल्या डिस्कवर कित्येक जीबी नव्याने लिहिणं. त्यात इन्स्टॉल करताना भाग निवडण्यात चूक झाली तर डीही पुसला जातो.

आता दोष नक्की डिस्कचाच आहे का, हे पाहू. यासाठी मशीन एकदाच, पाच-दहा मिनिटं सुरू करायला हरकत नाही. मात्र टिक-टिक सलग आणि ठरावीक तालात येत असेल किंवा बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडता येणारा मशीनच्या सेटिंगचा पडदा) डिस्कचं नाव किंवा आकार चुकीचा दिसत असेल तर तेवढंही करू नका. तो वेगळा रस्ता आहे, पुढे सांगतो.

टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्सखाली डिस्क निवडा. वापर १०० टक्के, पण वाचनाचा वेग सेकंदाला १-२ एमबी आणि सरासरी प्रतिसादाचा वेळ हजारो मिलिसेकंद असेल, तर डिस्क एकेक जागा वाचायला पुन्हापुन्हा धडपडतेय. नुसत्या कामाच्या ओझ्याने मंदावलेल्या डिस्कवर हा आकडा सहसा इतका वर जात नाही. मग डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फो या सॉफ्टवेअरची पोर्टेबल, म्हणजे इन्स्टॉल न करता चालणारी, आवृत्ती पेन ड्राइव्हवरून चालवा. वरचा ‘गुड’ किंवा ‘कॉशन’ हा शेरा पुरेसा नाही, खालच्या चार ओळी वाचा. ०५ म्हणजे खराब निघाल्यामुळे बदललेले सेक्टर (डिस्कवरचे डेटाचे छोटे कप्पे). सी५ म्हणजे वाचता येत नसलेले, निर्णयाची वाट पाहणारे सेक्टर. सी६ म्हणजे तपासणीतही दुरुस्त न झालेले. या तिघांचा शेवटच्या स्तंभातला आकडा शून्य हवा. तो सोळाच्या पायात दिसतो, म्हणून ‘१०’ दिसलं तर सोळा समजा. सी५ वाढत असेल तर तुमच्या फायलींचे काही तुकडे आत्ताच वाचता येत नाहीत. ०१ आणि ०७ या ओळींत सीगेटच्या डिस्कवर भलेमोठे आकडे दिसतात, ते तिथे नेहमीचेच असतात, त्यांनी घाबरू नका.

चौथी ओळ सी७. बाकी तिन्ही शून्य आणि फक्त सी७ वाढतोय, तर डिस्क बहुधा ठीक आहे, डिस्क मदरबोर्डला जोडणारी साटा केबल खराब आहे किंवा सैल बसलीय. केबल बदला आणि आकडा पुढे वाढतो का ते बघा. जुना आकडा कमी होत नाही, तो तसाच राहतो. निळ्या स्क्रीनवरचे शब्द आठवत असतील तर तेही उपयोगी आहेत. ‘कर्नल डेटा इनपेज एरर’ असेल तर संशय आधी डिस्कवर आणि केबलवर. ‘मेमरी मॅनेजमेंट’ असेल तर रॅमवर. रॅम काढून तिचे सोनेरी दात खोडरबराने हलके पुसून परत बसवणं हा आपल्या दमट हवेत खरोखर चालणारा उपाय आहे. पण तुमच्या डिस्कचा डेटा सुरक्षित झाल्यावर तो करा.

एक गोष्ट मात्र अजिबात करू नका: चेकडिस्क (chkdsk) हा विंडोजचा डिस्क तपासण्याचा आदेश दुरुस्तीच्या पर्यायांसह चालवणं. इंटरनेटवरचा हा सगळ्यात सोपा आणि सगळ्यात घातक सल्ला. तो आदेश फोटो वाचवण्यासाठी बनलेला नाही, फाइल-व्यवस्था सुसंगत करण्यासाठी बनलेला आहे. ‘/r’ पर्याय लावला तर तो डिस्कचा प्रत्येक सेक्टर वाचतो, म्हणजे दुखऱ्या जागीच तासन्‌तास घासतो. आणि जुळत नसलेल्या नोंदी तो तोडून टाकतो. नावं असलेल्या फायलींच्या जागी अनोळखी तुकडे उरतात. विंडोज सुरू होताना स्वतःहून ‘डिस्क तपासतो’ म्हणून उलटे आकडे मोजू लागली तर कोणतीही कळ दाबून ते थांबवा. डीफ्रॅग, अँटिव्हायरसचं पूर्ण स्कॅन, ‘स्पीड वाढवणारी’ सॉफ्टवेअर हेही नको. डिस्क फ्रीझरमध्ये ठेवणं तर नकोच, आत पाणी धरतं.

आता डेटा काढायचा. आजारी डिस्कवरून विंडोज चालवत कॉपी करणं चुकीचं, कारण विंडोज मागे सतत त्याच डिस्कवर लिहीत असते. डिस्क कॅबिनेटमधून काढा आणि यूएसबी-साटा अडॅप्टरने दुसऱ्या चांगल्या मशीनला जोडा. डेस्कटॉपची साडेतीन इंची डिस्क १२ व्होल्टवर चालते, म्हणून वेगळा पॉवर अडॅप्टर सोबत येणारंच साधन घ्या. लॅपटॉपच्या डिस्कसाठीचं फक्त यूएसबीवर चालणारं साधन हिला फिरवूही शकणार नाही. दुसऱ्या मशीनचा आणखी एक फायदा आहे. तुमची रॅमही खराब असेल, तर तुमच्याच मशीनवर केलेल्या कॉपीत फोटो गुपचूप बिघडतील आणि तुम्हाला महिन्यांनी कळेल.

दुसरं मशीन नसेल तर ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर रुफस या सॉफ्टवेअरने उबंटू ही लिनक्स प्रणाली टाका, ‘इन्स्टॉल न करता वापरून पाहा’ हा पर्याय निवडा आणि तिथून कॉपी करा. विंडोज नीट बंद झाली नसेल तर उबंटू डिस्क फक्त वाचण्यापुरती उघडेल किंवा तशी सूचना देईल. आपल्याला वाचायचंच आहे, तेव्हा हे उत्तम. मात्र डिस्क विंडोजच्या बिटलॉकरने कुलूपबंद असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की लागेल. ती बहुतेकदा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते, आधीच उतरवून ठेवा.

कॉपी कुठे करायची? नव्या, रिकाम्या २ टीबीच्या पोर्टेबल डिस्कवर. तिची फाइल-व्यवस्था एक्सफॅट किंवा एनटीएफएस असू द्या, फॅट३२ नको, कारण त्यावर ४ जीबीहून मोठी एकही फाइल बसत नाही आणि लग्नाचे व्हिडिओ तिथेच अडतात. निळ्या यूएसबी ३ खाचेत लावा. निरोगी डिस्कवर सेकंदाला १०० एमबी धरले तर ५०० जीबीला दीड तास लागतो, जुन्या यूएसबी २ वर त्याच कामाला चार तासांहून जास्त. तुमची डिस्क आजारी असल्यामुळे वेळ याच्या कितीतरी पट लागेल, तेव्हा घाई करून तार उपटू नका. टेबल फॅन डिस्ककडे वळवून ठेवा. तापमान ५० अंशांपुढे गेलं तर थांबून थंड होऊ द्या.

क्रम महत्त्वाचा. पुन्हा कुठूनच मिळणार नाही ते आधी: वडिलांचे लेख, मग फोटो, मग घरचे व्हिडिओ, हिशेब. लेख आधी, कारण ते सगळे मिळून काही एमबीच असतील आणि मिनिटभरात सुटतील. चित्रपट, गाणी, प्रोग्रॅम शेवटी किंवा नाहीच. एकदम अख्खा डी ओढू नका, वर्षावर्षाचा फोल्डर घ्या. जिथे अडकेल तो फोल्डर सोडा, पुढचा घ्या, अडलेल्याकडे शेवटी या. कारण एकाच खराब जागेशी झगडण्यात डिस्कचं उरलेलं आयुष्य जातं आणि चांगले फोटो मागे राहतात.

रोबोकॉपी हा विंडोजचा कॉपीचा आदेश वापरणार असाल तर एक सापळा आहे. न वाचता येणाऱ्या फाइलसाठी तो मुळात दहा लाख वेळा, दर वेळी ३० सेकंद थांबून, प्रयत्न करतो. म्हणजे पहिल्या खराब फोटोवर तो कायमचा बसून राहतो. पुन्हा प्रयत्नांची संख्या शून्य किंवा एक, आणि थांबण्याचा वेळ एक सेकंद असं सांगूनच चालवा. आणि ‘मिरर’चा पर्याय इथे लावू नका: मूळ जागी जे नाही ते तो गंतव्यस्थानावरूनही पुसतो.

सी५चा आकडा शेकड्यांत असेल तर फाइल-फाइल कॉपीऐवजी जीएनयू डीडीरेस्क्यू या लिनक्सवरच्या साधनाने अख्ख्या डिस्कची प्रतिमा, म्हणजे जशीच्या तशी नक्कल, घ्या. त्याची रीत शहाणी आहे: पहिल्या फेरीत सोपा भाग भराभर उचलतो, खराब पट्टे ओलांडतो, नंतरच्या फेऱ्यांत त्यांच्याकडे वळतो. सोबत नोंदीची ‘मॅप’ फाइल ठेवायला सांगा, म्हणजे वीज गेली तरी पुढचं काम तिथूनच सुरू होतं. यात एकच चूक जीवघेणी आहे, मूळ आणि गंतव्य यांची अदलाबदल. दोन्ही डिस्कचं मॉडेल आणि आकार पडद्यावर दोनदा ताडून मगच एंटर दाबा. पुढची सगळी खटपट त्या प्रतिमेवर करा, मूळ डिस्क बाजूला. डिस्कवर विखुरलेल्या फायली हुडकून काढणारं फोटोरेकसारखं साधन शेवटचा पर्याय, कारण फोटो मिळाले तरी नावं आणि फोल्डर जातात.

आणि तो वेगळा रस्ता: सलग टकटक, खरखर, किंवा डिस्क दिसतच नाही. तेव्हा वीज तोडा. वाचक-डोकं तबकडीला घासत असेल तर प्रत्येक मिनिटाला थर खरवडला जातो आणि मग कोणीच काही करू शकत नाही. डेटा रिकव्हरी करणाऱ्या प्रयोगशाळेतच न्या, कोपऱ्यावरच्या दुकानात उघडू देऊ नका. तिथे तीन गोष्टी विचारा: आधी प्रतिमा घेता का, डेटा मिळाला नाही तर किती पैसे, आणि मिळालेल्या फायलींची यादी पैसे भरण्याआधी दाखवता का. ‘त्याच डिस्कवर परत टाकून देतो’ म्हणणाऱ्याला डिस्क देऊ नका.

वडिलांच्या लेखांबद्दल स्वतंत्र सांगायला हवं, कारण हे नुकसान सगळं वाचलं असं वाटल्यावर होतं. श्री-लिपी, शिवाजी किंवा आयएसएमचे जुने फाँट युनिकोड नव्हते. फाइलमध्ये ‘क’ साठवलेला नसतो, इंग्रजी अक्षराचा क्रमांक असतो आणि फाँट तिथे ‘क’ची आकृती काढतो. फाँट नसेल तर लेख उघडतो, पण पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसतो. म्हणून विंडोजमधला फाँट्सचा फोल्डर आणि श्री-लिपीचा स्वतःचा फोल्डर लेखांसोबतच कॉपी करा. मग चालत्या मशीनवर प्रत्येक लेखाची पीडीएफ काढा, तिच्यात फाँट आत बसतो. नंतर सवडीने युनिकोडमध्ये रूपांतर करा. त्यात जोडाक्षरं आणि रफार हमखास चुकतात, तेव्हा पीडीएफ समोर ठेवून एकदा वाचून घ्या.

कॉपी झाली की दोन्हीकडच्या फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये फायलींची संख्या जुळवा. आणि प्रत्येक वर्षातले पाच-सहा फोटो खरोखर उघडा. छोटी चित्रं दिसणं पुरेसं नाही, अर्धा राखाडी झालेला फोटो पूर्ण उघडल्यावरच दिसतो. मूळ डिस्क सहा महिने तशीच जपा, एक्स्चेंजमध्ये देऊ नका.

मशीनसाठी ५०० जीबीची साटा एसएसडी घ्या आणि विंडोज कोरी टाका, आजारी विंडोजचं क्लोन नको. विंडोज १० चं नियमित समर्थन १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलं आहे. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय लागते आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर तो साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा नंतरचा लागतो, तेव्हा आधी ते तपासा.

बॅकअपबद्दल माझं ठाम मत: दोन पोर्टेबल डिस्क, दोन वेगळ्या घरांत. चिपळूणला जुलै २०२१ मध्ये पाणी चढलं, तेव्हा कपाटातली डिस्क आणि टेबलावरचं मशीन एकाच पाण्याखाली गेलं असणार. एक डिस्क तुमच्याकडे, दुसरी बहिणीकडे किंवा भावाकडे, आणि सणावारी भेट झाली की अदलाबदल. घरची डिस्क काम झालं की काढून ठेवा. लावून ठेवलेल्या डिस्कला खंडणी मागणारा व्हायरस आणि पावसाळ्यातला विजेचा लोळ दोन्ही गाठतात. फाइल हिस्टरी ही विंडोजची बॅकअपची सोय वापरलीत तर ती डीमधले फोल्डर आपणहून घेत नाही हे लक्षात ठेवा, ते वेगळे जोडावे लागतात. गूगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्ह जरूर ठेवा, पण ते प्रामुख्याने एकसारखं ठेवण्याचं काम करतात: घरी चुकून फोल्डर पुसला की तो तिकडेही पुसला जातो आणि कचरापेटीत साधारण ३० दिवसच राहतो.

बहिणीकडे जाणारी डिस्क व्हेराक्रिप्ट या सॉफ्टवेअरने कुलूपबंद करणार असाल तर पासवर्ड कागदावर लिहून घराच्या कागदपत्रांत ठेवा, आणि तो कुठे आहे हे घरातल्या आणखी एका माणसाला सांगा. दोन्ही डिस्कवर शेवटच्या कॉपीची तारीख चिकटवा.