आल्बनी काउंटीतल्या कबरींची यादी करताय? मग एवढं सांभाळा

न्यूयॉर्क राज्यातली ही काउंटी, म्हणजे जिल्हा, पहिल्या कामासाठी निवडलीत, छान केलंत. पण मृत्यूचं गाव आणि कबरीचं गाव एक धरू नका, बहुतेक चुका तिथेच होतात. गव्हर्नर डिविट क्लिंटन १८२८ मध्ये आल्बनीतच वारले, त्यांना पुरलंही तिथेच. पण १८४४ मध्ये त्यांचे अवशेष ब्रुकलिनच्या ग्रीनवुड दफनभूमीत हलवले गेले. म्हणजे ते तुमच्या यादीत बसत नाहीत. चेस्टर आर्थर यांचं नेमकं उलटं. अमेरिकेचं राष्ट्राध्यक्षपद सोडल्यावर १८८६ मध्ये ते न्यूयॉर्क शहरात वारले, पण त्यांची कबर आल्बनी काउंटीतल्याच मेनँड्स गावातल्या आल्बनी रूरल सेमेटरीत आहे. जवळ उभ्या असलेल्या ब्राँझच्या देवदूतामुळे ती लगेच ओळखू येते. तिथे जाल तेव्हा घाई करू नका. गव्हर्नर आणि परराष्ट्रमंत्री राहिलेले विल्यम मार्सी, सिनेटर फिलिप स्कायलर हेही त्याच दफनभूमीत आहेत.

आणखी एक, आणि हे मला फार महत्त्वाचं वाटतं. आल्बनी शहरातल्या आजच्या वॉशिंग्टन पार्कच्या जागी पूर्वी शहराची दफनभूमी होती. १८६८ मध्ये तिथले अवशेष आल्बनी रूरलमध्ये हलवले. त्यामुळे जुन्या मृत्युवार्तेतलं ठिकाण जसंच्या तसं उतरवू नका, नंतरचं स्थलांतर तपासा. दफनभूमीच्या नोंदवहीत हलवल्याची तारीख सापडली, तर ती नावापुढे जरूर लिहा.

स्मारकशिळा म्हणजे कबर नव्हे, हेही ध्यानात असू द्या.