तेल सोडून पाणीच घट्ट का करतात? – वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझा भाचा राजस्थानात बाडमेरकडे मंगला ऑइलफील्डवर कामाला आहे. सुट्टीत आला तेव्हा म्हणाला, मावशी आम्ही पांढरी पावडर पाण्यात कालवून ते चिकट पाणी जमिनीत सोडतो, मग तेल जास्त येतं. मला काही झेपलं नाही. तेल काढायचं तर तेल पातळ करायला हवं ना, हे पाणीच का घट्ट करतात?
– एक वाचक, सांगली

ताई, तुमच्या सांगलीत उसाला दारं धरणाऱ्या कुणालाही विचारा, तो अर्धं उत्तर देईल. बांधाला घुशीचं बीळ पडलं की पाणी सगळं त्या बिळातून पळतं, पुढचे वाफे कोरडेच. जमिनीखाली तेच होतं. तिथे तेलाचं तळं वगैरे नसतं बरं का, वाळूच्या दगडाच्या बारीक बारीक छिद्रांत तेल भरलेलं असतं, आणि सुरुवातीचा दाब उतरला की एका विहिरीतून पाणी आत ढकलून दुसरीतून तेल बाहेर काढतात. आता मंगलाचं तेल 9 ते 17 सेंटीपॉइजचं (सेंटीपॉइज म्हणजे दाटपणा मोजायचं माप, आकडा जास्त तेवढं दाट) आणि तिथल्या गरम दगडात पाणी भरतं जेमतेम अर्धा सेंटीपॉइज, म्हणजे पाणी पातळ आणि चपळ, तेल आळशी. पाणी तेलाला ढकलत बसत नाही, त्याच्यातूनच बोटं काढून पुढे सटकतं आणि तिकडच्या विहिरीतून पाणीच पाणी यायला लागतं. मागे किती तेल राहतं? बऱ्याच फील्डमध्ये निम्म्याहून जास्त.

तेल पातळ करायचं तर वाफ सोडून तापवावं लागतं, तेही करतात काही ठिकाणी, पण खर्च बघा. त्यापेक्षा पाण्याचीच घाई मोडायची. पावडरचं नाव पॉलीअॅक्रिलामाइड, हे एक पॉलिमर, म्हणजे छोट्या रेणूंची लांब साखळी, आणि ती लागते किती तर लिटरला एक-दोन ग्रॅम, पण तिचा रेणू इतका लांबलचक की तेवढ्यानेही पाणी दाट होतं. बोट बुडवून उचललं तर भेंडीसारखी तार येते. असं पाणी बोटं काढत नाही, भिंतीसारखं सरकतं आणि ज्या थरात आधी शिरतच नव्हतं तिथेही शिरतं.

ऐकायला सोपं आहे पण खरी डोकेदुखी पुढे आहे. ही पावडर म्हणजे इसबगोल समजा. ग्लासात भसकन टाकला की गुठळ्या होतात, बाहेरून बुळबुळीत आतून कोरड्या, मग कितीही ढवळा. म्हणून पावडर भिजवायचं वेगळं मशीन असतं, मग टाकीत तासभर मुरू द्यायचं. बरं मुरलं तरी जपायला लागतं, साध्या पंपाची पाती ते लांब रेणू तोडून टाकतात, अर्धवट उघडलेल्या व्हॉल्व्हमधून जोरात गेलं तरी तुटतात, पाण्यात मीठ जास्त असेल तर ताणलेला रेणू सुतळीच्या गुंडीसारखा आक्रसतो, आणि हवेतला ऑक्सिजन अन् लोखंड एकत्र आले की तर विचारूच नका. टाकीवर नायट्रोजन भरून ठेवतात तो त्यासाठी. तुमच्या भाच्याचा निम्मा दिवस बहुतेक हे पाणी घट्ट राहिलंय का एवढंच तपासण्यात जात असेल.

आणि हे काही नवीन खूळ नाही. चीनमध्ये डाचिंगच्या ऑइलफील्डवर 1972 मध्ये पहिली चाचणी झाली, 1996 पासून मोठ्या प्रमाणावर सुरू केलं आणि एकूण तेलाच्या दहा-बारा टक्के जास्त निघालं. दहा टक्के म्हणजे किती असं वाटेल, पण अख्ख्या फील्डचे दहा टक्के! त्यांचं नशीबही चांगलं म्हणा, खालचं तापमान 45 अंशांच्या आसपास आणि पाण्यात मीठ कमी. आपल्याकडे गुजरातेत साणंदला 1980 च्या दशकातच चाचणी झाली होती. मंगला 2004 मध्ये सापडलं, 2009 मध्ये तेल सुरू झालं आणि पाच-सहा वर्षांतच तिथे पॉलिमर सोडायला लागले.

भाच्याला एक नक्की सांगा. ते पाणी फरशीवर सांडलं तर वरून पाणी ओतून धुवायला जाऊ नको, आणखी निसरडं होतं. आधी वाळू टाकायची नि खरवडून काढायचं. साइटवर नवीन पोरं हमखास इथेच आपटतात.

प्रश्न : असलं केमिकल जमिनीत सोडल्यावर विहिरींचं पाणी खराब होत नाही का?
– एक वाचक, जत

तेलाचा थर शेकडो मीटर खाली असतो, मधे दगडाचे थर आणि विहिरीला पोलादी पाइप, त्याभोवती सिमेंट. शिवाय याच जातीचं पॉलिमर नळाच्या पाण्यातला गाळ बसवायलाही वापरतात. विषारी असतो तो त्याचा कच्चा माल, म्हणून पावडरीत तो किती उरलाय हे बघावं लागतं. मला विचाराल तर काळजी जमिनीखालची कमी, वरची जास्त. तेलाबरोबर जे पाणी परत येतं त्यात पॉलिमर असतं, तेल-पाणी लवकर सुटं होत नाही, आणि ते पाणी नीट साफ न करता कुठे सोडलं तर मात्र बोंबला.

प्रश्न : मग मुंबई हायला का नाही करत?
– एक वाचक, उरण

तिथे दगड चुनखडीचा, खाली उष्णता 100 अंशांच्या वर, आणि हाताशी पाणी समुद्राचं खारं. नेहमीचं पॉलिमर तिथे टिकत नाही. समुद्रात जमतच नाही असं नाही, उत्तर समुद्रात ब्रिटनच्या कॅप्टन फील्डवर करतात, पण तिथला थर बराच थंड आहे.